कोपीतील गर्भवती : स्थलांतर, मनावरील ताण आणि बाळाशी जडणारे नाते

दसऱ्याचे सोने लुटून झाले, की बीड जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतील गावे हळूहळू ओस पडू लागतात. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी भागातही हेच दृश्य दिसते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धान्याची पोती, भांडीकुंडी, अंथरुणे, कोंबड्या आणि लहान मुले यांच्यासह ऊसतोड मजुरांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. परतण्यास मार्च-एप्रिल उजाडतो. या ट्रॉलीत दरवर्षी काही गर्भवती स्त्रियाही बसलेल्या असतात. कोणाला तिसरा महिना असतो, कोणाला सहावा. काहींचे बाळंतपण हंगामातच व्हायचे असते.

या स्त्रियांच्या पोटातील बाळाची वाढ, त्यांचे रक्त, त्यांचे वजन यांविषयी आपण थोडेफार बोलतो. त्यांच्या मनाविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. घरापासून दूर, परक्या मुलखात, कष्टाच्या कामात दिवस काढणाऱ्या गर्भवतीच्या मनावर कोणता ताण येतो, त्याचा तिच्यावर व बाळावर काय परिणाम होतो आणि आई व बाळ यांच्यातील नाते जन्माआधीपासून कसे जोपासता येते, याचा विचार या लेखात केला आहे.

'कोयता' म्हणजे दोघे

१९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्यानंतरच्या काळात पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची मालिकाच उभी राहिली. ऊस तोडण्यासाठी हात हवे होते आणि मराठवाड्यातील कोरडवाहू, दुष्काळी पट्ट्यात कामाच्या शोधात असलेले हात होते. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट अधिकच रुळली.

या व्यवसायात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतली जाते ती या जोडीच्या नावाने. पुरुष ऊस तोडतो, स्त्री तो साळते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. एकेक मोळी पंचवीस-तीस किलोंच्या घरात जाते. जोडीतील एक जण कामावर गेला नाही, तर दुसऱ्याचे कामही अडते, खाडा धरला जातो आणि उचल फिटत नाही. गर्भवती स्त्री आठव्या महिन्यापर्यंतही फडात का जाते, या प्रश्नाचे उत्तर तिच्या अज्ञानात शोधू नये. ते या हिशेबात आहे. 'विश्रांती घे' एवढा सल्ला तिला देणे म्हणजे प्रश्नाचा अर्धाच भाग पाहणे होय.

जे मागे राहते

आपल्याकडे गरोदरपणाला एक सामाजिक चौकट आहे. डोहाळे पुरविणे, सातव्या महिन्यातील ओटीभरण, डोहाळजेवण, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाणे, नंतरचा सव्वा महिना आईच्या हातचे तेल-पाणी आणि शेक-शेगडी, ही सारी कौतुकाची बाब म्हणून आपण पाहतो. तथापि या रीतींच्या पोटी एक शहाणपण आहे. या काळात स्त्रीला चार माणसांचा आधार मिळावा, तिच्या भीतीला कोणी कान द्यावा आणि येणाऱ्या बाळाचे स्वागत साऱ्या घराने करावे, अशी ती व्यवस्था आहे. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण पाहावे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. पहाटे दळता दळता बाई आपले सुखदुःख बोलून मोकळी करी, याची साक्ष हा संग्रह देतो.

स्थलांतरात नेमकी हीच चौकट मागे राहते. फडाजवळ पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी असते. आडोसा नसतो, पाणी दुरून आणावे लागते, शौचालय बहुधा नसतेच. ओळखीची आशाताई, अंगणवाडीची बाई, गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र सारे दोनशे-अडीचशे किलोमीटर मागे असते. पहिली मुले कधी गावी आजीजवळ ठेवलेली असतात, कधी फडातच वाढ्यांच्या सावलीत निजविलेली असतात. कर्नाटकात गेलेल्या टोळीतील स्त्रीला दवाखान्यातील भाषाही परकी वाटते. नोकरीनिमित्त पतीबरोबर परदेशी गेलेल्या आणि तेथे बाळंत होणाऱ्या आपल्याकडील स्त्रियांनाही आईची, ओळखीच्या भाषेची आणि ओळखीच्या चवीची उणीव जाणवते. दोघींच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण एकटेपणाची जात एकच आहे. फरक एवढाच, की कोपीतील स्त्रीच्या वाट्याला त्या एकटेपणाबरोबर अंगमेहनत, कर्ज आणि असुरक्षितताही येते.

ताण शरीरात कसा उतरतो

ताण ही केवळ मनाची गोष्ट नव्हे. भीती, काळजी किंवा सततची दगदग यांमुळे मेंदूकडून अधिवृक्क ग्रंथींना संदेश जातो आणि रक्तात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढते. थोड्या वेळापुरता आलेला ताण निरुपद्रवी असतो. बाळाच्या वारेमध्ये एक विकर असते, ते आईच्या रक्तातील बरेचसे कॉर्टिसॉल निष्क्रिय करून टाकते. निसर्गाने बाळाभोवती घातलेले ते एक कुंपणच होय. मात्र ताण तीव्र असेल आणि महिनोन् महिने टिकून राहिला, तर हे कुंपण अपुरे पडू शकते. दीर्घकाळचा तीव्र ताण आणि वेळेपूर्वी प्रसूती किंवा बाळाचे कमी वजन यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. त्यातच अपुरा आहार, रक्तक्षय आणि जड ओझी यांची भर पडली, की धोका वाढतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'तू काळजी करतेस म्हणून बाळाला त्रास होतो', असे गर्भवतीला म्हणणे चुकीचे तर आहेच, पण निर्दयपणाचेही आहे. त्यामुळे तिच्या काळजीत अपराधाची भर तेवढी पडते. एखाद्या दिवशी रडू आले किंवा भांडण झाले म्हणून बाळाचे काही बिघडत नाही. प्रश्न आहे तो सततच्या, निराधार ताणाचा. आणि तो कमी करण्याची जबाबदारी एकट्या त्या स्त्रीची नाही.

गोव्यात एका जिल्हा रुग्णालयातील गर्भवतींचा पाठपुरावा करून २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली. गरोदरपणीच मन अस्वस्थ असणे, गरिबी आणि पतीशी दुरावलेले संबंध ही त्यामागची महत्त्वाची कारणे होती. मुलगा हवा असताना मुलगी झाली, म्हणजे हा धोका अधिक वाढतो, असेही दिसून आले. स्थलांतरित कुटुंबांत यांपैकी अनेक कारणे एकत्र नांदतात, हे सांगण्याची गरज नाही.

नाते जन्माआधी सुरू होते

आई-बाळाचे नाते नाळ कापल्यावर सुरू होते, असे आपण समजतो. वस्तुतः त्याची सुरुवात आधीच झालेली असते. पहिलटकरणीला साधारणपणे १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास बाळाची हालचाल प्रथम जाणवते. आधी बाळंतपण झालेल्या स्त्रीला ती थोडी लवकर कळते. त्या क्षणापासून 'पोट' हे 'बाळ' होते. सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. आईचा आवाज त्याला हवेतून येतोच, शिवाय तिच्या शरीरातूनही पोचतो. १९८० मध्ये डीकॅस्पर आणि फायफर या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले, की अवघ्या काही दिवसांची अर्भके आपल्या आईचा आवाज ओळखतात आणि तो ऐकण्यासाठी चोखण्याची लयसुद्धा बदलतात. १९८१ मध्ये मेका क्रॅनली यांनी गर्भवतीच्या बाळाशी असलेल्या नात्याचे मोजमाप करण्याची एक प्रश्नावली तयार केली. बाळाशी बोलणे, त्याच्या हालचालींकडे लक्ष देणे, त्याच्यासाठी स्वतःच्या प्रकृतीची काळजी घेणे, त्याच्या रूपाची कल्पना करणे, या साध्या गोष्टींचा तिच्यात विचार केला आहे.

या नात्याचा हेतू बाळाला पोटातच विद्वान करण्याचा नाही. तसे दावे करणाऱ्या महागड्या शिकवण्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. ज्या आईचे मन बाळात गुंतते, ती तपासणीला जाण्याची, गोळ्या घेण्याची आणि धोक्याची खूण वेळेवर ओळखण्याची शक्यता वाढते; आणि बाळ जन्मल्यावर त्याच्या रडण्याला ती अधिक सहजपणे प्रतिसाद देते. हा त्याचा खरा लाभ होय.

आता फडातील स्त्रीचा विचार करा. पहाटे चार वाजता ती उठते, स्वयंपाक उरकते, दिवसभर वाकून मोळ्या बांधते. चालताना आणि काम करताना बाळाच्या हालचाली फारशा जाणवत नाहीत. रात्री ती पाठ टेकते तेव्हा झोपेने डोळे मिटत असतात. दिवसच्या दिवस बाळाची आठवण काढायलाही सवड मिळत नाही. काही स्त्रियांना गरोदरपण हे ओझेच वाटू लागते आणि तसे वाटल्याबद्दल त्या मनात झुरत राहतात. अशा वेळी 'असे वाटणे हा दोष नव्हे, थकव्यात असे होते', हे कोणीतरी त्यांना सांगितले पाहिजे. नाते जुळायला वेळ लागतो. कोणाचे हालचाल कळताच जुळते, तर कोणाचे बाळ कुशीत आल्यावर.

रोजच्या जगण्यात काय करता येईल

यासाठी पैसा लागत नाही. थोडा वेळ आणि सोबत लागते.

पहिली गोष्ट, दिवसातून एकदा, शक्यतो रात्रीच्या जेवणानंतर, गर्भवतीने डाव्या कुशीवर शांत पडून राहावे आणि पोटावर हात ठेवून बाळाच्या हालचालींकडे लक्ष द्यावे. सातव्या महिन्यानंतर या सवयीचा दुहेरी उपयोग होतो. मनाला विसावा मिळतो, आणि बाळाची खुशालीही कळते. दोन तासांत दहापेक्षा कमी हालचाली जाणवल्या किंवा नेहमीपेक्षा त्या बऱ्याच मंदावल्या, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट, बाळाशी बोलावे. आज काय केले, बाहेर थंडी किती आहे, गावाकडची आजी काय म्हणाली, एवढेही पुरे. येत असलेली ओवी, पाळणा, अभंग गुणगुणावा. पतीनेही बोलावे. संध्याकाळी पाण्याचा हंडा त्याने उचलला, चूल त्याने पेटविली, तर त्या अर्ध्या तासात बायकोला जो विसावा मिळतो, त्याची बरोबरी कोणत्याही औषधाने होणार नाही.

तिसरी गोष्ट टोळीची. एका तळावर दहा-वीस कोप्या असतात. त्यांत कोणी मावशी, कोणी आत्या असतेच. सातवा महिना लागलेल्या सुनेची ओटी फडातही भरता येते. चार बायका जमल्या, एकीने गाणे म्हटले, खोबऱ्याची वाटी आणि मूठभर तांदूळ पदरात पडले, तर माहेर थोडेसे कोपीत येते. गर्भवतीला मोळी वाहण्याचे आणि शिडीवरून गाडीत चढण्याचे काम न देता बसून साळण्याचे किंवा बांधण्याचे काम द्यावे, हे टोळीने आपसांत ठरविले तर तिचा खाडाही होत नाही. मुकादमाने त्यास संमती द्यावी; तोही याच भागातला, याच समाजातला माणूस असतो.

चौथी गोष्ट म्हणजे गावाशी संपर्क. आता बहुतेक कोप्यांत भ्रमणध्वनी पोचला आहे. आठवड्यातून एकदा आईशी, सासूशी, गावच्या आशाताईशी बोलणे झाले, की मन हलके होते आणि चुकलेली तपासणीही ध्यानात येते.

ऐकणारा कान

मनाच्या दुखण्यासाठी प्रत्येक तळावर तज्ज्ञ डॉक्टर पाठविणे शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. पाकिस्तानातील ग्रामीण भागात गावपातळीवरील आरोग्यसेविकांना शिकवून नैराश्यग्रस्त गर्भवतींना घरोघरी भेटी देण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा या भेटी लाभलेल्या मातांपैकी २३ टक्क्यांमध्ये नैराश्य होते. ज्यांना हे मार्गदर्शन मिळाले नव्हते, त्यांच्यात हेच प्रमाण ५३ टक्के होते. या भेटींचे विषय तीनच होते : आईचे स्वतःचे आरोग्य, तिचे बाळाशी नाते आणि तिच्याभोवतीच्या माणसांचा आधार. हीच पद्धत पुढे गोव्यात शेजारपाजारच्या सामान्य स्त्रियांना 'सखी' म्हणून प्रशिक्षण देऊन वापरण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष तितके ठळक नसले, तरी काही प्रमाणात लाभ झाल्याचे दाखवितात. शेजारची बाईही आधार देऊ शकते, हा त्यातील बोध आपल्या उपयोगाचा आहे.

तळाला भेट देणाऱ्या आशाताईने किंवा आरोग्यसेविकेने रक्तदाब आणि वजन यांबरोबर दोन प्रश्न अवश्य विचारावेत. गेल्या महिनाभरात मन वारंवार खिन्न, निराश वाटले का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? प्रश्न कसा विचारला यावरही उत्तर अवलंबून असते. 'काही त्रास आहे का?' असे उभ्या उभ्या विचारले, तर 'न्हाई' हेच उत्तर मिळणार. ताई शेजारी टेकली आणि म्हणाली, 'बाळ जास्त कधी हलतं गं?' तर 'राती पाठ टेकली म्हंजी,' असे सांगता सांगता पुढचे बोलणे आपोआप निघते. 'झोप लागते का? घरचं कोण आठवतं?' एवढ्या विचारपुशीतून बरेच काही उलगडते. खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, अन्न-झोप उडाली किंवा जीव नकोसा झाल्याचे शब्द तोंडून निघाले, तर त्या स्त्रीला एकटे न सोडता आरोग्य केंद्रात न्यावे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. तेथे आपल्या भाषेत बोलता येते.

निघण्यापूर्वीची शिदोरी

ताणाचे एक मोठे कारण अनिश्चितता हे असते. वेळ आली तर जायचे कोठे, खर्च किती येईल, नेणार कोण, या प्रश्नांची उत्तरे गाव सोडण्यापूर्वीच हाती असतील, तर अर्धी काळजी मिटते. म्हणून ट्रॉली भरताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

माता व बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, शिधापत्रिका आणि बँकेचे पासबुक एका पिशवीत बरोबर घ्यावे. निघण्यापूर्वी एक तपासणी करून हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख कार्डावर नोंदवून घ्यावी. लोह व फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस रोज घ्यावयाच्या असतात. त्यांचा आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचा पुरेसा साठा मागून घ्यावा. आपण कोणत्या तालुक्यात, कोणत्या कारखान्याकडे जात आहोत, हे आशाताईला सांगून तिचा क्रमांक जवळ ठेवावा.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून सुरू आहे. त्यानुसार शासकीय रुग्णालयात प्रसूती, गरज पडल्यास शस्त्रक्रिया, औषधे, आहार आणि जाण्या-येण्याचे वाहन मोफत मिळते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली शासकीय आरोग्य संस्थांत गर्भवतींची तपासणी होते. हे अभियान २०१६ मध्ये सुरू झाले. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. त्यासाठीची नोंदणी गाव सोडण्यापूर्वी पुरी करावी. शिधापत्रिकेवरील धान्य आता परगावच्या स्वस्त धान्य दुकानातूनही घेता येते. अंगणवाडीच्या लाभार्थींची नोंद २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर'वर ठेवली जाते. तळाजवळच्या अंगणवाडीत आपले नाव सांगितल्यास आहाराचा हक्क तेथेही मागता येतो. आणीबाणीत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज, झटके, ताप, पोटात तीव्र कळा, अंगावरून पाणी जाणे आणि बाळाची हालचाल मंदावणे या धोक्याच्या खुणा स्त्रीइतक्याच तिच्या पतीलाही पाठ असाव्यात.

व्यवस्थेची जबाबदारी

व्यक्ती आणि कुटुंब यांच्यापाशी हा विचार थांबू शकत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या प्रश्नावर २०१९ मध्ये श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्या चौकशीने या स्त्रियांच्या आरोग्याकडे साऱ्या राज्याचे लक्ष वेधले. पाळी, गरोदरपण, बाळंतपण हे सारे जिथे 'खाडा' म्हणून मोजले जाते, तिथे स्त्री आपल्याच शरीराला अडचण समजू लागते, हा त्यातील खरा धडा आहे. ऊसतोड कामगारांसाठी आता लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे, त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची वसतिगृह योजना आहे. मुले गावी सुरक्षित शिकत आहेत, ही खात्रीदेखील आईच्या मनावरचे ओझे उतरविणारी आहे.

तथापि एक दुवा अजून पक्का व्हायचा आहे. ऊसतोडीचा तळ बहुधा दोन गावांच्या शिवेवर पडतो. मूळ गावच्या यादीत 'बाहेरगावी गेली' अशी नोंद होते आणि नव्या गावच्या यादीत नाव चढत नाही. अशा रीतीने गर्भवती दोन्ही याद्यांच्या मधल्या जागेत हरवते. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे प्रत्येक टोळीची आणि तिच्या तळाची माहिती असते. ही माहिती हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला दिली आणि आरोग्यसेविकेने प्रत्येक तळावरील गर्भवतींची नोंद केली, तर यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. तळावर पिण्याचे पाणी, आडोशाचे स्नानगृह व शौचालय, दिव्याची सोय आणि लहान मुलांसाठी पाळणाघर या सोयींचाही ताण कमी करण्याशी थेट संबंध आहे. अंधारात दूर जावे लागण्याच्या भीतीवर समुपदेशन हा उपाय नव्हे. तेथे दिवा आणि दार हवे.

मार्च-एप्रिलमध्ये फड संपतो, पट्टा पडतो आणि ट्रॉल्या पुन्हा बीडकडे वळतात. जाताना पोटात असलेले एखादे बाळ परतताना आईच्या कुशीत असते. ते धट्टेकट्टे असावे आणि त्याला छातीशी धरणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर केवळ थकवा नसावा, एवढी अपेक्षा काही मोठी नाही. राज्याच्या साखरेत जिच्या घामाचा वाटा आहे, तिच्या वाट्याला गरोदरपणाचे हे नऊ महिने निदान निर्धास्तपणे यावेत, ही आपल्या सर्वांची जबाबदारी आहे.